ल्युबेनने तोडलेली माझी मुळं

मी एक जुनी तुती आहे, मित्रांनो. बल्गेरियातल्या एका डोंगराळ गावात, झ्लात्काच्या अंगणात वाढले. तिच्या सासऱ्याने मला रेशमाच्या किड्यांसाठी लावलं. किडे गेले, तरी माझी फळं राहिली. झ्लात्का त्यांची राकिया नावाची दारू गाळायची आणि पाहुण्यांना सांगायची, "अशी गोड तुती अख्ख्या गावात नाही!"

वय वाढलं तशी माझी मुळं जाड झाली. पावसाने माती वाहून गेली आणि ती उघडी पडली. झ्लात्का दर शरद ऋतूत त्यांच्यावर माझाच पालापाचोळा पसरायची. मला ऊब वाटायची.

मग तिचा मुलगा ल्युबेन शहरातून परतला. त्याला अंगणात गालिच्यासारखी हिरवळ हवी होती. त्याने पाला जाळला, गवत पेरलं. पहिल्याच कापणीत यंत्राचं पातं माझ्या मुळावर आपटून तुटलं. तो कुऱ्हाड घेऊन आला.

"अरे, ती मुळं आहेत, सरपण नव्हे!" झ्लात्का ओरडली. "त्यांच्यावर थोडा भुसा टाक, तेवढ्या जागेत गवत लावू नको. झालं!"

"आई, तू आत जा बघू. एवढ्या मोठ्या झाडाला तीन मुळांनी काय फरक पडतोय?"

फरक पडत होता. डोंगरावरचा वारा ज्या बाजूने येतो, त्याच बाजूची ती तीन मुळं होती. प्रत्येक घाव माझ्या शेंड्यापर्यंत पोचला. त्या दिवशी मी ठरवलं, याला सोडायचं नाही.

दोन वर्षं मी वाट पाहिली. एका बाजूने वाळत गेले. मार्चमध्ये वादळ सुटलं आणि ल्युबेन माझ्याखालची नवी गाडी हलवायला धावत आला. उरलेल्या मुळांनी मी आणखी थोडा वेळ तग धरू शकले असते. मी पकड सोडली.

गाडीचा चेंदामेंदा झाला. ल्युबेनचा पाय फांदीखाली सापडून मोडला. तो किंचाळला, तेव्हा मला समाधान वाटलं. खोटं कशाला बोलू?

पाय प्लास्टरमध्ये असतानाच त्याने करवतवाल्याला बोलावलं. झ्लात्का माझ्या आडव्या बुंध्यावर जाऊन बसली.

"हिची दोन मुळं अजून जमिनीत आहेत. कोणी हात लावायचा नाही."

"आई, हिने माझा पाय मोडला!"

"आणि तू हिचे तीन तोडलेस. तुझा पाय मोडला म्हणून मी तुला घराबाहेर टाकलं का?"

ल्युबेनने करवतवाल्याला परत पाठवलं. आता कुबडी टेकत तोच माझ्या मुळांवर बोटभर लाकडाचा भुसा पसरतो. मला नवी पालवी फुटली आहे. पण त्याला मी माफ केलेलं नाही.

मित्रांनो, मुळं उघडी दिसली तर त्यांना पांघरूण घाला. मातीचे ढीग नकोत, त्याने आमचा श्वास कोंडतो. पातळसा पाला पुरे. आणि कुऱ्हाड चालवलीच असेल, तर वादळात त्या झाडाखाली उभे राहू नका.