बकरीच्या तोंडातलं बी

बियाणं जपणाऱ्या केंद्रातल्या बाईंनी काचेच्या ताटलीचं झाकण मघापासून तिसऱ्यांदा उघडलं. ओल्या कागदावर पन्नास बिया. दहा दिवस झाले, एकीलाही मोड नाही.

"खोडा की यादीतून एकशे सात नंबरचं पाकीट," भांडारवाले काका दारातून म्हणाले. "पाचला गाडी. मेलेलं बी कशाला वाहायचं?"

थंड खोलीचं यंत्र परवा कायमचं बंद पडलं होतं. आत चाऱ्याच्या शेंगवाल्या वेलींची बाराशे पाकिटं, आणि शेजारच्या संस्थेने दिला होता एकच कप्पा, चाळीस पाकिटांचा. बाकीचं बी उकाड्यात जाणार. बाईंनी एकमेकांसारखी पाकिटं एकत्र करून चाळीस गट पाडले होते. गटातून एक. एकशे सातच्या गटात ते एकटंच होतं. उगवण शून्य दिसल्यावर त्याची जागा नदीकाठच्या गटातल्या दुसऱ्या पाकिटाला मिळाली होती.

"मेलं नाही ते," कोपऱ्यातल्या स्टुलावरून बाईंची आई म्हणाली. तीस वर्षं तिने इथेच बी गोळा केलं होतं. एकशे सातही तिचंच. पाकिटावर लिहिलं होतं: कडा, बकरीच्या तोंडातून काढलं.

काका हसले. "आजी, मागच्या वेळी सांगताना त्या कड्यावरून तुम्ही दोराने उतरला होतात."

"दोर बकरीनेच खाल्ला ना!" आई म्हणाली. मग लेकीकडे वळून, हळू आवाजात, "मेलेलं बी पाण्यात कुजतं ग. दाबून तर बघ."

बाईंनी चिमट्यात बी दाबलं. ते सटकलं आणि खिडकीच्या काचेवर टण्णकन आपटलं.

घड्याळात अडीच वाजले होते.

बाईंनी खणातून पॉलिश पेपर काढला. दहा बिया त्यावर अलगद घासल्या, टणक कवचातून पाणी आत शिरेल असा ओरखडा उठेपर्यंत, आणि कोमट पाण्यात टाकल्या. मग बोटं पदराला पुसत राहिल्या. साडेतीनला काही नाही. चारला काका पेटीला दोरी बांधायला लागले.

"थांबा," बाई म्हणाल्या.

साडेचारला दहांतल्या नऊ बिया फुगून दुप्पट झाल्या होत्या.

"पण पेटी भरलीय," काका म्हणाले. "कुणाला उतरवायचं?"

बाईंनी न शोधता नदीकाठचं दुसरं पाकीट ओढून काढलं आणि त्या जागी एकशे सात ठेवलं.

गाडी फाटकाबाहेर वळली, तेव्हा मायलेकी पायरीवर बसल्या होत्या. आईने लेकीच्या हातातलं, पेटीतून उतरवलेलं पाकीट घेऊन डोळ्यांजवळ धरलं. गोळा करणारीच्या नावापुढे बाईंचं कोवळं, गोल अक्षर होतं. लेकीच्या नोकरीतलं पहिलं पाकीट.

"हे पेटीत कशाला भरलं होतंस?"

बाई फाटकाकडे बघत राहिल्या.

आईने पाकीट आपल्या पिशवीत, अगदी तळाशी ठेवलं. मग म्हणाली, "एकशे सात काढलं ना, ती बकरी नव्हती बरं का."

"आई, गाडी गेलीय. पाकिटावर आता बकरीच."