थप्पीत दडवलेला फोन

मी पुस्तकबांधणीचे काम करतो. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंत झाले असून पुढील जे काही झाले ते बांधणीस आलेल्या पुस्तकांची पाने उलटसुलट लागू नयेत म्हणून ती वाचावी लागल्यामुळे झाले. हे आरंभीच नमूद करण्याचे कारण असे की, ज्या वाक्यापायी माझा एक दिवस जिवंतपणी नरकवासात गेला, त्या वाक्याचा संबंध याच सातवीशी होता.

आमच्या नातेवाइकांचा फोनवर एक समूह आहे. त्यात अकरा माणसे असून त्यांपैकी दोघे राजकारणावर लिहितात व नऊ जण ते वाचतात. लिहिणाऱ्यांपैकी एक माझे थोरले बंधू, ज्यांना मी दादा म्हणतो, आणि दुसरा मी. दादा एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून मुदतीआधीच स्वेच्छेने निवृत्त झाले. नोकरीत असेतोवर त्यांनी राजकारणाविषयी चकार शब्द काढला नाही. परंतु निवृत्त झाल्यापासून देशाचा सर्व कारभार त्यांच्याच टेबलावरून पुढे जातो की काय, असे वाटावे इतक्या तत्परतेने ते सरकारची बाजू मांडू लागले. मी विरोधी पक्षाचा. आम्हा दोघांनाही आपापल्या पक्षात काळे कुत्रेसुद्धा ओळखत नाही, तथापि त्यामुळे आमच्या निष्ठेत कधी खंड पडला नाही.

या घनघोर चर्चेत मध्येच आमची मावशी विचारते की, माझा फोन तापतो आहे, काय करू. मग आमचे मेहुणे, म्हणजे धाकट्या बहिणीचे यजमान, तिला सांगतात की, बंद करून पुन्हा चालू कर. हाच सल्ला ते सरकारच्या बाबतीतही देतात. याव्यतिरिक्त ते काही लिहीत नाहीत.

अर्थसंकल्प सादर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशीची ही हकीकत आहे. सकाळी कामावर गेल्यावर पुठ्ठे चिकटवण्याची खळ निवत ठेवली आणि तेवढ्या अवकाशात मी समूहावर एक प्रश्न टाकला. कागद व पुठ्ठा यांवरील कर वाढला की उतरला, एवढेच मला विचारायचे होते. त्यात टोमणा नव्हता. पुठ्ठ्याशी माझा रोजचा संबंध आहे, म्हणून विचारले. वीस मिनिटांनी दादांकडून उत्तरादाखल एक भला मोठा लेख येऊन पडला. तो त्यांनी स्वतः लिहिलेला नव्हता. कोठून तरी आलेला पुढे ढकललेला होता. धंद्याच्या सवयीने मी तो अथपासून इतिपर्यंत वाचला. शेवटचे वाक्य असे होते : "ज्यांनी दहावीचे तोंड पाहिले नाही, त्यांनी अर्थसंकल्पावर तोंड उघडू नये."

वाचकांस येथे एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. आमचे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा दादा दहावीत होते आणि मी सातवीत. एकाने शिकावे व एकाने कमवावे असे घरात ठरले. दादा हुशार, त्यांची परीक्षा तोंडावर आलेली; म्हणून मी दप्तर खुंटीला टांगले आणि बांधणीच्या कारखान्यात जाऊ लागलो. त्या गोष्टीस चाळीस वर्षे झाली. या चाळीस वर्षांत मी त्याविषयी दादांजवळ एक अक्षर बोललो नव्हतो, आणि मनात काही साचले आहे अशी मला स्वतःलाही कल्पना नव्हती.

ते वाक्य वाचताच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी एका बोटाने टाइप केले : "ज्याच्या दहावीसाठी मी सातवीत शाळा सोडली, त्याने मला दहावी दाखवू नये. आजपासून तू माझा भाऊ नाहीस." आणि पाठवण्याच्या बाणावर अंगठा दाबला.

त्याच क्षणी मालकांची पावले वाजली. मागे एका इसमाने फोन पाहता पाहता एका पुस्तकास दुसऱ्याच पुस्तकाची पाने शिवली होती, तेव्हापासून कामाच्या टेबलावर फोन दिसता कामा नये असा आमच्याकडे कडक नियम आहे. मी घाईघाईने फोन शेजारच्या थप्पीत, दोन तयार पुस्तकांच्या मध्ये सरकवला. मालक मला नवीन वेष्टणाचा नमुना दाखवीत उभे राहिले. त्यांची पाठ फिरते न फिरते तोच आमच्या पैलवानाने, ज्यास त्याच्या काडीसारख्या देहयष्टीमुळे हे नाव पडले आहे, ती थप्पी उचलून पुस्तके दाबण्याच्या लोखंडी यंत्रात ठेवली व चाक फिरवले.

तडकल्याचा आवाज सर्वांनी ऐकला. मालक परत आले. त्यांनी आधी पुस्तके तपासली, नंतर फोन पाहिला आणि शेवटी माझ्याकडे पाहून शांतपणे म्हणाले, "याला पुठ्ठा घातला असतास तर वाचला असता."

फोनच्या काचेचे जाळे झाले होते व तिच्यामागे निव्वळ काळोख होता. बोट फिरवून काही होईना. मात्र त्याचा आवाज जिवंत होता, याचा प्रत्यय मला लगेचच आला. फोन टिंग असा वाजला. थोड्या वेळाने आणखी एकदा वाजला. मग तर पाच मिनिटांत सात वेळा वाजला. एरवी माझ्या लिहिण्यावर एवढी माणसे कधी बोलत नाहीत. प्रत्येक आवाजासरशी मी मनात म्हणे, ही बहीण, रडत असेल. ही मावशी, मला शिव्या घालत असेल. आणि हा जो थोडा थांबून आला तो दादांचा. आत काय लिहिले आहे हे वाचण्याचा कोणताही उपाय नव्हता. पैलवान म्हणाला, "काय रे, मंत्रिमंडळात घेतलं की काय तुला?" मी हसलो नाही, तेव्हा त्याच्या लक्षात आले की काही बिनसले आहे, आणि मग तो बिचारा दिवसभर माझ्या वाट्याचे चाकही फिरवीत राहिला.

दुसऱ्याच्या फोनवरून दादांशी बोलावे, तर त्यांचा नंबर मला पाठ नव्हता. मंडळींना विचारावे, तर आमच्या सौभाग्यवतीने फोन हे डबडे मुळात घेतलेलेच नाही. भांडणेच पाहायची तर घरात काय कमी आहेत, असे तिचे मत आहे.

जेवणाच्या सुट्टीत मी फोन दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने फोन कानाशी नेला, उजेडात धरला आणि एखाद्या वैद्याच्या गांभीर्याने सांगितले, "काका, डोळे गेलेत याचे. कान शाबूत आहेत." नवी काच यायला दोन दिवस लागणार होते. पाठवलेला मजकूर परत घेता येतो काय, असे मी त्यास विचारले. तो म्हणाला की घेता येतो, परंतु त्यासाठी आधी डोळे लागतील. मी फोन त्याच्या स्वाधीन केला. पायरी उतरत असता माझ्या मागे, त्याच्या खणात, तो पुन्हा वाजला.

तेव्हा मी मालकांकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली आणि तडक दादांच्या घरी निघालो. वाटेत मी क्षमेची भाषा जुळवीत होतो. पुस्तकांतून अशी भाषा मी पुष्कळ वाचली आहे. परंतु त्या दिवशी तिच्यातले एकही वाक्य मला माझे वाटेना. लिहिलेले मागे घेता येईल, पण वाचलेले कसे मागे घेणार, हा एकच विचार डोक्यात घोळत होता. तिसऱ्या मजल्यापर्यंतचे जिने चढताना मी दोनदा थांबलो. दम लागला होता असे नव्हे.

दार वहिनींनी उघडले. "भावोजी, या वेळेला? सगळं बरं आहे ना?" त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हते. त्यांना दादांनी अद्याप सांगितले नसावे, असा मी त्याचा अर्थ लावला. दादा खिडकीपाशी टेबलाशी बसले होते. समोर फोन होता व कपाळावर आठ्यांचे जाळे. मान वर न करता ते म्हणाले, "आलास? बस."

मी बसलो नाही. उभ्याउभ्याच म्हणालो, "दादा, मी जे लिहिलं ते मागे घेतो."

"काय लिहिलंस?"

"ग्रुपवर. सकाळी."

"मला काय दिसतंय त्यातलं," दादा वैतागून म्हणाले आणि फोन माझ्याकडे वळवला. "हे बघ. काल कुठे बोट लागलं देव जाणे, अक्षरं ही एवढी झालीत. तीन शब्दांत पडदा भरतो. दुकानाच्या पाटीसारखं वाचावं लागतंय."

खरोखरच अक्षरे अंगठ्याएवढी होती. दादा बोटाने मजकूर वर सरकवू लागले आणि मी त्यांच्या खांद्यामागे उभा राहून तीन तीन शब्दांनी माझे मरण जवळ येताना पाहू लागलो. माझा कागदावरील कराचा प्रश्न आला. दादांचा लेख आला. तो त्यांनी भरभर सरकवला, तरी संपता संपेना. त्यानंतर मावशी आली. तिचा फोन इतका तापला होता की तिने तो पाण्याच्या माठाखाली ठेवला होता, आणि आता तो भिजला होता. मग सर्वांचे सल्ले आले. फोन तांदळात ठेव. उन्हात ठेव. उन्हात नको. पंख्याखाली ठेव. मेहुण्यांनी सांगितले होते, बंद करून पुन्हा चालू कर. दिवसभर जे वाजत होते ते एवढेच होते. त्यापुढे काही नव्हते.

"तुझं तर यात काहीच नाही," दादा म्हणाले. "खळीच्या हाताने दाबलं असशील. मागे तुझा नुसता 'हो' दोन दिवस अडकला होता, विसरलास?"

मी खुर्चीत बसलो. वहिनींनी न मागता पाणी आणून दिले. ते पाणी पिताना मला जे वाटले त्याचे वर्णन करण्यास माझी लेखणी असमर्थ आहे. भरलेल्या गाडीचे चाक अंगावर येता येता कोणी बाजूस ओढून घ्यावे, तसे काहीसे ते होते. ते वाक्य या घरात आलेलेच नव्हते. मी पाणी पिऊन, अर्थसंकल्पावर दोन शब्द बोलून परत जाऊ शकत होतो.

परंतु दादांनी चष्मा काढला होता व ते माझ्याकडे पाहत होते. "पण काय लिहिलं होतंस?"

खोटे सांगावे असे एकदा मनात आले. मग मी पहिले वाक्य त्यांना सांगितले, जसेच्या तसे.

दादांनी विचारले, "मी तुला दहावी कधी दाखवली?"

"तुझ्या लेखात आहे. शेवटी."

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला आणि तो लेख मोठ्याने वाचावयास घेतला. कचेरीत परिपत्रक वाचीत असत तशा खणखणीत स्वरात ते वाचीत होते, तीन शब्द वाचून बोट वर सरकवीत होते, पुन्हा तीन शब्द. सरकारची कीर्ती ऐकत मी खाली मान घालून बसलो. बऱ्याच वेळाने ते अखेरीस पोहोचले. "ज्यांनी दहावीचे तोंड," त्यांनी वाचले व बोट सरकवले. "पाहिले नाही, त्यांनी." पुढील शब्द त्यांनी मनातल्या मनात वाचले. बोट काचेवर तसेच राहिले.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"हे मी पाठवलं?" दादा अखेर म्हणाले.

"हो."

"पहिले दोन पडदे वाचले मी. बरं वाटलं, म्हणून पाठवलं. पुढे कोण सरकवत बसणार." त्यांचा आवाज उतरला होता. "तीस वर्षं कचेरीत शेवटची ओळ वाचल्याशिवाय सही केली नाही मी कधी."

मी म्हणालो की जाऊ दे, असे होते. ते म्हणाले की असे होऊ नये. मग त्यांनी विचारले, "आणि दुसरं वाक्य काय होतं?"

"दुसरं कुठलं?"

"एवढंच लिहून तू रजा टाकून आला नसतास."

माझा थोरला भाऊ हुशार आहे, हे घरात चाळीस वर्षांपूर्वी ठरले होते ते काही उगीच नव्हे. "ते आता आठवत नाही," मी म्हणालो.

दादांनी माझ्याकडे नीट पाहिले. "बरं," ते म्हणाले. "आठवूही नकोस."

लेख काढून टाकावा म्हणून ते खटपट करू लागले, तेव्हा मीच त्यांस थांबवले. तो सर्वांनी वाचलेला होता; काढला असता तर काय होते, काय होते म्हणून चौकशा सुरू झाल्या असत्या. आमच्या धंद्यात छापून झालेली चूक कोणी फाडून काढीत नाही, शेवटी शुद्धिपत्र चिकटवतात. ही युक्ती दादांना एकदम पटली. कचेरीतल्या माणसास दुरुस्तीचा कागद नेहमीच आवडतो. मी हात स्वच्छ धुऊन आलो. आधी शोधशोधून त्यांच्या फोनमधील अक्षरे लहान केली आणि मग ते सांगत गेले व मी टाइप करीत गेलो.

"सकाळच्या लेखातलं शेवटचं वाक्य रद्द समजावं. मी ते न वाचता पाठवलं होतं." येथे ते अडखळले. नंतर खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "लिही. माझी दहावी धाकट्याच्या सातवीवर उभी आहे."

"दादा, हे नको."

"मी सांगतोय ना? लिही."

मी लिहिले. लिहिताना अक्षरे मला धूसर दिसत होती, तथापि त्याचे कारण काच नव्हती. पाठवण्याच्या बाणावर मात्र दादांनी आपले स्वतःचे बोट ठेवले व मजकूर गेला याची दोनदा खातरजमा केली. वहिनी म्हणाल्या, "झालं एकदाचं? चाळीस वर्षं लागली तुम्हाला." म्हणजे त्यांना सर्व ठाऊक होते, आणि आमच्यापेक्षा आधीपासून ठाऊक होते.

त्यानंतर दादांनी खुर्ची माझ्याकडे ओढली आणि म्हणाले की आता काय बोलायचे ते तोंडावर बोल. अर्थसंकल्पावरून आम्ही संध्याकाळपर्यंत कडाकडा भांडलो. त्यांनी सरकारचे आकडे सांगितले, मी पुठ्ठ्याचे भाव सांगितले. दोघांचेही पुष्कळ चुकले असावे. एकदा त्यांनी टेबलावर हात आपटला आणि एकदा मी उठून उभा राहिलो. शेजाऱ्यांस वाटेल की भाऊ भाऊ वेगळे निघत आहेत, म्हणून वहिनींनी खिडकी लावून घेतली, आणि मला न विचारता माझे पान वाढले.