चारशे मीटर

विद्यापीठाची धावपट्टी चारशे मीटरची होती आणि रेवती कुमरे तिची एक फेरी पाच ऑगस्टपासून धावत होती.

आता मार्च लागला होता. पोरगी रेंगाळत होती असं कोणी म्हणू नये. निघाली तेव्हा ती विद्यापीठात सगळ्यांत वेगवान होती आणि अजूनही होती. पण खेळावर काहीही खर्च झाला की धावपट्टी वाढायची, आणि वाढायची ती नेमकी रेवतीच्या पुढे. नवे झेंडे आले, अडीच किलोमीटर. गॅलरीतल्या खुर्च्यांना गाद्या बसल्या, सात किलोमीटर. ऑक्टोबरात एकदा तर रेष समोर दिसत होती, पांढरी फक्की उन्हात चमकत होती, वीसेक पावलं उरली होती. तेवढ्यात पाहुण्यांच्या हस्ते इलेक्ट्रॉनिक घड्याळाचं उद्घाटन झालं, टाळ्या पडल्या आणि रेष रसायनशास्त्राच्या इमारतीमागे निघून गेली. नव्या पट्टीचा तांबडा थर ओला असे. तो वाळायला तीन दिवस लागत आणि ओल्यावर पाय द्यायचा नाही असा नियम होता. म्हणून रेवती असेल तिथे तीन दिवस बसून राही, डबा खाई, वही उघडून वाची, आणि थर वाळला की उठून धावू लागे.

मैदान संपल्यावर पट्टी इमारतींत शिरली. सरळ जायला जागा नव्हती, म्हणून वळसे घेत गेली. ग्रंथालयातून ती नऊ वेळा जात होती, मराठी विभागातून चार वेळा आणि वनस्पतिशास्त्रातून एकोणीस वेळा. वनस्पतिशास्त्राचे लोक तक्रार कमी करतात, एवढंच त्याचं कारण.

त्या विभागाच्या प्रमुख डॉ. हेमलता पिंपळापुरे. बाईंचा जगातल्या कशावर विश्वास असेल तर तो बेरजेवर. दुधाचं बिल, रिक्षाचं भाडं, भाचीच्या लग्नातला आहेर, सगळं त्यांच्याकडे तारीखवार लिहिलेलं असे, आणि बेरीज जुळली की त्यांच्या कपाळावरची शीर खाली बसे. रेवती त्यांची एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. तास चालू असताना ती वर्गात एका दारातून येई आणि दुसऱ्या दारातून जाई. तेवढ्यात तिच्या कानावर एकच वाक्य पडे. म्हणून हेमलताबाई तासातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य राखून ठेवत. तिच्या बुटांचा आवाज व्हरांड्यात आला की मगच ते उच्चारत. बाकीची मुलंही तेवढंच लिहून घेत.

"मॅडम, मागच्या वेळी मूळ झालं," रेवती जाता जाता म्हणे. "खोड राहिलं."

"खोड पुढच्या वळणावर सांगते. पाणी पी."

रेवतीला खेळाची शिष्यवृत्ती होती, महिन्याला तेराशे रुपये. तिची अट एकच: वर्षात एक फेरी पूर्ण करायची आणि रेषेवर अधिकाऱ्याची सही घ्यायची. सही नसेल तर शिष्यवृत्ती परत भरायची आणि परीक्षेचा फॉर्म स्वीकारला जाणार नाही. फॉर्मची शेवटची तारीख एकतीस मार्च, संध्याकाळी पाच. दूर जंगलातल्या कोरचीहून आलेली मुलगी. तिच्या घरात ती सोडून कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात हेमलताबाईंच्या टेबलावर एक पत्र आलं. दरवर्षी मार्चअखेर प्रत्येक विभागाच्या डेडस्टॉकची, म्हणजे टेबलं, खुर्च्या, काचपात्रं वगैरे जडवस्तूंची, पडताळणी होते, आणि ती करायला दुसऱ्याच विभागाचा माणूस नेमतात. भूगोलवाला बायोलॉजीची काचपात्रं मोजतो आणि संस्कृतवाला कॉम्प्युटर. मोजतो म्हणजे काय, तर जाऊन बसतो, त्या विभागाचे पोहे खातो आणि रजिस्टरमध्ये लिहितो, 'मागील पानाप्रमाणे बरोबर'. या वर्षी हेमलताबाईंना क्रीडा विभाग आला होता.

क्रीडा संचालक वैरागडे सरांनी पोह्यांबरोबर गुलाबजामही मागवले. त्यांची खोली वातानुकूलित होती. रजिस्टर उघडलेलंच होतं. अनुक्रमांक एक, धावपट्टी, नग एक, लांबी चारशे मीटर. खाली एकोणतीस वर्षांच्या एकोणतीस सह्या.

"मी मोजणार आहे," हेमलताबाई म्हणाल्या.

"काय?"

"धावपट्टी."

वैरागडे सर हसले. माणूस वाईट नव्हता. खोखोत त्यांचा एक गुडघा गेला होता आणि उरलेल्या गुडघ्यावर त्यांनी हा सगळा विभाग उभा केला होता. "मॅडम, चारशे मीटरची पट्टी चारशे मीटरचीच असते. तसं नसतं तर तिला ते नाव कशाला दिलं असतं?"

"आमच्या हर्बेरियमला डांबरगोळ्या हव्या होत्या. तीनशे चाळीस रुपये. अकरा हजार वाळवलेली झाडं आहेत तिथे, शंभर वर्षांची. तरतूद नाही म्हणून उत्तर आलं. आणि तुमच्या खुर्च्यांना गाद्या."

"तुमची पानं बघायला कोण येतं? आमच्या गॅलरीत चार हजार माणूस बसतं."

"बसतं. पण बघतं काय? रेवती तिथून ऑगस्टातच पुढे गेली."

"ती कुठेतरी धावते आहे हे त्यांना माहीत आहे ना. तेवढं पुरतं लोकांना." त्यांनी गुलाबजामाची वाटी पुढे सरकवली. "घ्या. हा खर्च किरकोळमध्ये टाकलाय."

खिडकीबाहेर पट्टी वाटीभर वाढली.

त्या दिवशी रेवती हर्बेरियममध्ये ओला थर वाळायची वाट पाहत बसली होती. हेमलताबाईंनी तिला सांगितलं, की आता खरा आकडा रजिस्टरात जाईल, मग हा सगळा पैसा थांबेल, मग पट्टी थांबेल.

रेवती बुटांची नाडी सोडून पुन्हा बांधत होती. "शिष्यवृत्ती बंद करा असं नका लिहू, मॅडम."

"तुला तेराशे मिळतात. बाकीचं कुठे जातं ते बघ की."

"बघते ना. त्याच्यावरूनच तर धावते." ती जरा थांबली. "पण मी धावले नसते तर तुमच्या वर्गात आले असते का? आमच्याकडून तुमच्या विभागात चालत यायचा रस्ता नाही. हाच एक आहे. लांब आहे, एवढंच."

हेमलताबाईंनी फक्त किती लांब आहे तेवढा आकडा काढायचं ठरवलं.

तीस मीटरची टेप घेऊन त्या अकरा दिवस पट्टीवर चालल्या. टेपचं शून्याचं टोक शिपाई ठोंबरे यांच्या हातात. ठोंबरे मे महिन्यात निवृत्त होणार होते आणि त्यांना कशाचंच नवल वाटत नव्हतं.

"कायले मोजता मॅडम? आजवर कोनी मोजलं नाई."

"म्हणूनच."

"तुमी मोजलं त तुमच्या अंगावर येईन."

"ठोंबरे, टेप ताणून धरा."

त्या ग्रंथालयातून गेल्या. तिथे लोक पाय वर घेऊन वाचत होते. त्या महिला वसतिगृहाच्या न्हाणीघरातून गेल्या, दोन अधिष्ठात्यांच्या टेबलांखालून गेल्या. बाराव्या दिवशी सकाळी टेप रेषेला टेकली. दोनशे बारा किलोमीटर चारशे मीटर. हेमलताबाईंनी बेरीज दोनदा केली आणि तांबड्या शाईने रजिस्टरात लिहिली. कपाळावरची शीर खाली बसली. शेजारी त्यांनी शेरा मारला, 'नोंदीपेक्षा दोनशे बारा किलोमीटर जास्त. खुलासा मागवावा.'

खुलासा कोणी मागवला नाही. लेखाधिकाऱ्यांनी त्यांना बोलावून हात जोडले.

"मॅडम, एवढं प्रामाणिक काम या विद्यापीठात कोणी केलं नव्हतं. आम्ही आजवर चारशे मीटरच्या देखभालीचा निधी देत होतो. मीटरमागे दर ठरलेला आहे. केवढा अन्याय चालला होता बघा क्रीडा विभागावर."

"अहो, पण मी ते कमी व्हावं म्हणून लिहिलं."

"रजिस्टरात कशासाठी लिहिलं याचा रकाना नाही." त्यांनी कॅल्क्युलेटर फिरवून दाखवलं. "पाचशे एकतीसपट. निधी वनस्पतिशास्त्राकडून वळवलाय. तुमच्याकडे तसाही खर्च होत नाही."

त्यानंतर पट्टी वाढायची थांबली नाही. ती आता कोणी काही विकत घेण्याची वाट पाहत नव्हती. हर्बेरियमची कपाटं पट्टीखाली गेली. हेमलताबाईंच्या खोलीत त्यांची खुर्ची चौथ्या मार्गिकेत आली, तेव्हा त्यांनी ती भिंतीकडे सरकवली आणि ती पाचव्या मार्गिकेत गेली. क्वार्टरमधल्या स्वयंपाकघरात ओट्यावरून तांबडा थर उतरला. कुकर ठेवायचा तर मार्गिका बदलावी लागे. सहकारी भेटले की म्हणत, "तुम्हीच ना मोजलंत?" आणि मार्गिका बदलून निघून जात. रेवती आता तासाला येत नव्हती. वर्ग आणि ती यांच्यामध्ये नव्वद किलोमीटर आले होते. हेमलताबाई महत्त्वाचं वाक्य राखून ठेवत, बुटांचा आवाज येत नसे, आणि तास ते वाक्य न बोलताच संपे.

एकतीस मार्चला सकाळी त्या वैरागडे सरांकडे गेल्या.

"रेष कुठे आहे?"

"आता ती तुमच्याकडे आहे, मॅडम." ते खरंच गंभीर होते. त्यांच्याही खोलीतून दोन मार्गिका गेल्या होत्या आणि ते बोलता बोलता पाय वर घेत होते. "पडताळणी अधिकारी जिथे मोजमाप संपलं म्हणेल, तिथे रेष. नियम आहे. तुम्ही फक्की मारा, वर उभ्या राहा, पोरगी आली की सही करा."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"आधी कोणी मोजलंच नव्हतं."

हेमलताबाईंनी हिशेब केला. विद्यापीठाच्या भांडारातून फक्की घेतली तर खर्च पडेल आणि पट्टी वाढेल. त्या कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या, स्वतःच्या पैशांनी दोन किलो फक्की घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा पावती नको म्हणाल्या. घरी येऊन वहीतही काही लिहिलं नाही. मग त्यांनी रेवतीला शोधलं. ती परीक्षा विभागाच्या लांब व्हरांड्यात वाळत आलेल्या थराजवळ बसली होती. पायांना पट्ट्या गुंडाळल्या होत्या. फॉर्म भरून तयार होता, एक सही सोडून.

व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला परीक्षा विभागाची खिडकी. रेवतीपासून साठ पावलं. हेमलताबाईंनी खिडकीसमोर वाकून फक्कीची सरळ रेष मारली आणि तिच्यावर उभ्या राहिल्या. रेष हलली नाही. साडेचार वाजले होते. त्यांनी फॉर्म डाव्या हातात धरला, पेन उजव्या, आणि मान हलवली.

थर वाळताच रेवती उठली. पहिल्या दहा पावलांतच कळत होतं, की आठ महिन्यांत तिचा वेग गेला नव्हता. पन्नास पावलं, चाळीस, तीस. हेमलताबाईंना तिच्या श्वासाचा आवाज ऐकू आला. त्यांनी पेनचं टोपण काढलं.

खिडकीतल्या कारकून बाईंनी मान बाहेर काढली. "मॅडम, तुमचं नाव पूर्ण सांगा. भत्त्याला लागतं."

"कसला भत्ता?"

"रेषेवर उभं राहण्याचा. पंचाहत्तर रुपये. क्रीडा शीर्षाखाली."

"मला नको."

"नको असेल तर अर्ज करावा लागतो. एप्रिलमध्ये."

हेमलताबाईंच्या पायाखालची रेष मागे सरकली. त्या रेषेसकट मागे गेल्या, आणि खिडकी व कारकून बाईही त्यांच्याबरोबर, कारण विभाग त्याच भिंतीला होता. रेवती तीस पावलांवर होती. ती नव्या ओल्या थराकडे न बघता जोरात आली आणि तरी तीसवरच राहिली. मग चाळीसवर.

"मी उभी नाही राहत," हेमलताबाई म्हणाल्या आणि रेवतीच्या दिशेने चालू लागल्या. रेष त्यांच्या टाचांना चिकटून आली. अंतर साठ पावलं झालं.

"चाललात तर प्रवासभत्ता," कारकून बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "धावलात तर जलद दर."

"मॅडम, थांबा ना," रेवती ओरडली. "मी येते."

"थांबले तरी लावतात गं," हेमलताबाई म्हणाल्या आणि त्यांनी साडी खोचली. त्या छप्पन्न वर्षांच्या होत्या आणि शाळा सोडल्यापासून धावल्या नव्हत्या. फॉर्म त्यांनी पुढे धरला. रेवतीने हात पुढे केला. दोघी एकमेकींकडे धावत सुटल्या, व्हरांडा मधोमध ताणत गेला, दोन्हीकडच्या खिडक्या वाढत गेल्या, आणि प्रत्येक खिडकीतल्या माणसाने पाय वर घेतले.

पाचला दहा कमी होते. हेमलताबाईंना धाप लागली होती, पण त्या थांबल्या नाहीत आणि त्यांनी नजर हटवली नाही. रेवती आता मोहरीएवढी दिसत होती आणि सगळा जीव एकवटून त्यांच्याकडे धावत येत होती.