पाइपमागचं मीठ

नळी टाकीत पडलेली दिसली आणि मावशी धावल्या. सकाळी टाकीची कड धुता धुता लेकीचा फोन आला, नळी कडेला टेकवून त्या बोलत बाहेर गेल्या. लेकीचं बोलणं म्हणजे मारुतीचं शेपूट. नळ चालूच राहिला, दोन तास.

कातडी कमावण्याच्या त्या कारखान्यात मावशी एकोणीस वर्षं ही एकच टाकी सांभाळत होत्या. मिठात मुरवलेली कातडी धुतल्यावर जे पाणी निघतं ते इतकं खारट, की साधे जंतू त्यात तग धरत नाहीत. म्हणून प्रयोगशाळेच्या बाईंनी मिठागरातून मिठातच जगणारे जंतू आणले. ते या टाकीत वाढत आणि मोठ्या टाक्यांत जाऊन घाण खात; तिथे फार टिकत नसत, म्हणून दर आठवड्याला इथूनच नवे सोडावे लागत. सगळे त्यांना विरजण म्हणत. त्यांच्यामुळे पाणी गुलाबी दिसे. बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मावशी, यांना गोडं पाणी लागलं की फुटून मरतात हो."

आता टाकीतलं पाणी गढूळ पांढरं होतं. मावशींनी नळ बंद केला, घाईघाईने दोन पोती मीठ ओतलं आणि काठीने ढवळत राहिल्या. मेलेल्याला औषध पाजण्यातलाच हा प्रकार, हे त्यांनाही कळत होतं. विरजण नाही तर कारखाना बंद, आणि बंद पाडणारी कोण, तर आपण.

जावई कारखान्यातच फिटर होता. तो आला, टाकीत डोकावला आणि त्याचाही चेहरा उतरला.

"आई, तुम्ही गप्प बसा. नळ गळत होता म्हणा."

"नळ तुम्ही बसवलाय, जावईबापू."

"म्हणून तर म्हणतोय. माझं मी बघून घेईन. तुम्हाला या वयात कोण काम देणार?"

खोटं कशाला बोलायचं, मावशींना तेव्हा हायसं वाटलं. त्याची लाजही वाटली.

बाई आल्या. त्यांनी पाणी बाटलीत घेतलं, उजेडाला धरलं. "कशाने झालं हे?"

"नळ..." मावशी म्हणाल्या. बाईंच्या मागे उभ्या जावयाने ‘बोला’ अशी हळूच मान डोलावली. लेकीच्या घरात कमावता तो एकटाच. "नळ चांगलाय, बाई. नळी मी विसरले."

बाईंनी बाटलीचं झाकण सावकाश लावलं. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

"विरजणाची जपून ठेवलेली बाटली?"

"मोठ्या टाकीसाठी तुम्हीच नेली, गेल्या महिन्यात."

बाईंनी कपाळाला हात लावला. मग अचानक विचारलं, "भिंतीवर साचलेलं मीठ दर शनिवारी खरवडता ना? सगळीकडचं?"

होय म्हणायचं, की आणखी एक गुन्हा कबूल करायचा?

"पाइपमागचं नाही खरवडत. दोन वर्षं झाली, हात पोचत नाही. साफसफाईच्या वहीत सही मात्र करते."

बाईंनी जावयाच्या हातातली बॅटरी जवळजवळ हिसकावली आणि पाइपमागे उजेड टाकला. टाकीच्या कडेच्या वर, पाणी पोचलं नव्हतं तिथे, मिठाचा जाड थर होता. फिकट, पण गुलाबी.

"खड्यांत अडकून राहतात ते," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "कधीकधी वर्षानुवर्षं."

"मग जगतील?"

"पंधरा दिवस कळणार नाही."

"आणि माझं काय, बाई?"

"वरती खरं तेच सांगावं लागेल, मावशी." बाईंनी कोरडी बरणी आणि चमचा पुढे केला. "एक खडाही सांडू नका," त्या दोनदा म्हणाल्या. एवढ्या शिकलेल्या बाई घाबरल्यात हे पाहून मावशींची उरलीसुरली उमेद गेली.

जावई पुढे सरसावला. "द्या, मी काढतो."

"नको. कुठून कसं सुटतं ते मला माहितीये."

त्यांनी तळहात कपड्याला पुसले, पुन्हा पुसले. मग गाल थंड भिंतीला टेकवला, डोळे मिटले आणि खांदा पाइपमागे रेटला.