वाय-फायवरचा अनोळखी टॅब

कागदाची गिरणी बंद पडली आणि पन्नाशी उलटलेल्या रौनो लेहतिनेनने नेटवर्क सुरक्षेच्या परीक्षेचा अभ्यास सुरू केला. बायको, मार्टा, त्याआधीच त्याला सोडून व्हँकुव्हरला गेली होती. कॅनडातल्या थंडर बे गावच्या त्या हिवाळ्यात त्याच्याशी बोलणारा एकच माणूस उरला, व्हिडिओतला मास्तर.

एका धड्यानंतर सराव म्हणून त्याने घरच्याच वाय-फायला काय काय जोडलंय ते तपासलं. त्याचा लॅपटॉप दिसला, फोन दिसला आणि एक टॅबही दिसला. टॅब तर त्याच्याकडे नव्हताच.

"सापडला चोर!" तो मोठ्याने म्हणाला. ऐकायला कुणी नव्हतं. त्याने लगेच पासवर्ड बदलला. किती दिवसांनी काहीतरी जमलं होतं.

रविवारी दुपारी दार वाजलं. शेजारच्या कोस्केला काकू छातीशी टॅब धरून उभ्या होत्या.

"रौनो, बघ रे बाबा काय झालंय. नुसतं गोल गोल फिरतंय. ती बिचारी वाट बघत असेल."

"ती कोण?"

काकू गडबडल्या. "मार्टा. दर रविवारी बोलतो आम्ही. जाताना तिनेच तुमचं वाय-फाय जोडून दिलं होतं. मला वाटलं, तुला ठाऊक आहे."

म्हणजे तो इथे एकटा धडे घोकत होता, तेव्हा मार्टाचा आवाज त्याच्याच घरातून शेजारी जात होता. कशी आहे ती, असं विचारावंसं वाटलं. पण "द्या इकडे," एवढंच तो म्हणाला आणि नवा पासवर्ड टाकून टॅब परत दिला.

"आत या म्हणत नाहीस?"

"अभ्यास आहे, काकू."

"मार्टाही हेच म्हणते. तुला कायम काहीतरी असतंच."

पुढे रविवारी दुपारी तो पुस्तक मिटून बाहेर बर्फ उपसायला जाऊ लागला. टॅब जोडला गेलेला त्याला बघायचा नव्हता.

वसंतात तो परीक्षा पास झाला. केंद्रावरच्या मुलीने "अभिनंदन हं" म्हणून कागद दिला आणि पुढच्याला हाक मारली. येताना त्याने काकूंना सांगितलं.

"मार्टाला सांगू?"

"सांगा."

त्या रविवारी संध्याकाळी तो पहिल्यांदाच आपणहून काकूंकडे गेला.

"काय म्हणाली?"

काकूंनी कॉफी ओतली. "बरं झालं म्हणाली. मग तिकडच्या फुलांचंच सांगत बसली."

त्यांनी पुल्ला या वेलदोडा घातलेल्या गोड पावाची बशी पुढे सरकवली. पाव कोरडा झाला होता.

"छान झालाय," रौनो म्हणाला आणि आणखी एक तुकडा घेतला.