कुंकू माझ्या जुळ्या बहिणीला

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे आणि भयंकर भित्री आहे. पूर्वी अशी नव्हते. दावणगेऱ्याच्या चन्नवीरप्पांच्या फोटो स्टुडिओत मी चांगली तोऱ्यात असायचे. लग्नं, बारशी, जत्रा, सगळं माझ्या पोटात. मागाल ते काढून देते, म्हणून गिऱ्हाइकांपुढे माझं कौतुक व्हायचं.

पण खरी ठेव म्हणजे नागव्वांची गाणी. लग्नघरी हळदीला त्या सोबाने, म्हणजे कानडी लग्नगीतं, म्हणायच्या. पुढे घशाचं ऑपरेशन झालं नि आवाज गेला तो गेलाच. आता त्या नुसत्या कुजबुजतात. बाजाराच्या दिवशी भाजीची पिशवी पायाशी ठेवून स्टुडिओत बसतात आणि स्वतःचंच गाणं ऐकतात. ते माझ्याशिवाय कुठेच नव्हतं हो!

वय झालं तशी मी कटकट वाजू लागले. नक्कल करून ठेवा, असं चन्नवीरप्पांची बायको सरोजक्का सारखी सांगायची. चन्नवीरप्पांचं आपलं उद्या बघू. शेवटी दसऱ्यातल्या आयुधपूजेच्या तोंडावर त्यांनी नवी डिस्क आणली. त्याच कंपनीची, तेवढ्याच मापाची, दिसायला हुबेहूब मी.

पूजेला आमच्याकडे कॅमेऱ्यापासून कात्रीपर्यंत सगळ्यांना कुंकू लागतं. पूजा आटोपल्यावर एका बाजाराच्या दिवशी चन्नवीरप्पांनी मला कॉम्प्युटरमधून काढून बहिणीशेजारी ठेवलं. तेवढ्यात फोन आला. बोलून परतले, तर कोणती कुठली तेच कळेना. मग बहिणीवरचं कुंकू दिसलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"पूजा कामाच्या हत्याराची होते," ते नागव्वांना म्हणाले. "कुंकवाची ती जुनी. दुसरी कोरी."

अहो, जुनी मी होते! आता तिचं कोरेपण माझ्यावर उतरणार आणि गाणी कायमची पुसली जाणार. वायरी जोडल्या. पडद्यावर आमची नावंही सारखीच आली. मी जिवाच्या आकांताने कटकटले, पण पंख्याच्या घरघरीत कोण ऐकतंय? दुसऱ्या डिस्कवरचं सगळं जाईल, चालेल का, असं पडद्याने विचारलं. असल्या प्रश्नांना चन्नवीरप्पा न वाचताच हो म्हणतात. नागव्वा बिचाऱ्या खुशीत होत्या, आता गाणं दोन जागी राहील म्हणून.

सरोजक्का कॉफी घेऊन आली आणि दारातच थबकली.

"अहो, थांबा. ती कुंकवाची जुनी कशी?"

"तूच लावलंस ना पूजेला?"

"मी टेबलावर होतं त्याला लावलं. टेबलावर नवी होती. जुनी तर कॉम्प्युटरच्या डब्यात बंद, तिचं कुंकू डब्यावर लागलं."

चन्नवीरप्पांनी 'हो'वर जाणारं बोट मागे घेतलं. नागव्वांनी पिशवी छातीशी धरली. मग त्या कुजबुजल्या, "एकेक लावून बघ रे बाबा. जी माझ्या आवाजात गाईल, ती माझी."

आधी बहिणीला एकटीला जोडलं. काहीच नाही. मग मला. गाणं सुरू झालं आणि नागव्वांनी डोळ्यांना पदर लावला. चन्नवीरप्पांनी चिकटपट्टीवर 'नागव्वा' लिहून ती माझ्यावर चिकटवली आणि मगच नक्कल केली.

मित्रांनो, आमच्या तोंडावळ्यावर जाऊ नका. एकेकीला जोडून पाहा, नाव लिहा, मगच हो म्हणा. मी आता कपाटात असते. बंद पडण्याची भीती वाटत नाही, गाणं बहिणीकडेही आहे. तरी कपाटाचं दार वाजलं की धस्स होतं, माझी चिकटपट्टी निघाली तर नसेल ना?