वीरप्पांची मिशी

कळंबच्या नव्या नाट्यगृहाला वीरप्पा मिटकरींचं नाव द्यायचं ठरलं, ही बातमी सून श्रीदेवीनं घरात आणली तेव्हा प्रेमाबाई सुपात ज्वारी घेऊन बसल्या होत्या. श्रीदेवीला वाटलं, सासूच्या डोळ्यांत पाणी येईल, निदान हातातलं सूप तरी खाली ठेवतील. प्रेमाबाईंनी दोन खडे वेचून बाजूला टाकले आणि म्हणाल्या, "मेल्या म्हशीला मणभर दूध."

वीरप्पा म्हणजे प्रेमाबाईंचे यजमान. त्यांना जाऊन सोळा वर्षं झाली होती. धान्याच्या मोंढ्यात त्यांचं आडत दुकान होतं, पण गावाला ते आडत्या म्हणून ठाऊक नव्हतेच. ते गावच्या कलाविकास मंडळाच्या नाटकातले स्त्रीपार्टी. जत्रेतल्या नाटकात काम करायला बायका मिळत नव्हत्या, तेव्हा बाईचं काम पुरुषच करायचे, आणि कळंबच्या मंडळात तीस वर्षं ते वीरप्पांनी केलं. सोनारीच्या जत्रेत, तेरखेड्याला, आणखी कुठं कुठं ते लुगडं नेसून, नथ घालून राणी म्हणून उभे राहायचे, आणि समोर बसलेल्या बायका पदर तोंडाला लावून रडायच्या. दुसऱ्या दिवशी त्याच बायकांचे नवरे मोंढ्यात त्यांना "वीराबाई, रामराम" म्हणून दात काढायचे. वीरप्पा हसून रामराम घ्यायचे. त्यांच्या त्या हसण्याचाच प्रेमाबाईंना सगळ्यात जास्त राग यायचा.

कारण टोमणे खायला घरात त्या होत्या. नळावर घागर लावली की कुणीतरी विचारायचंच, "काय गं, सवत आली का नाटकावरून?" लग्नातला शालू नवऱ्यानं राणीसाठी नेलेला, त्याच्या काठाला लागलेला रंग धुवायला ह्या. पोरगा नंदीश शाळेतून सदरा फाडून यायचा. पोरं त्याला विचारायची, तुझी आई कोणती अन् बाप कोणता. आठवीत असताना त्यानं बापाला बजावलं, शाळेत यायचं न्हाय. वीरप्पा गेले नाहीत. पोरगा दहावीला तालुक्यात तिसरा आला, तेव्हा हार घालायला त्याचा मामा गेला. हे सगळं ज्या गावानं केलं, त्याच गावाला आता वीरप्पांचा उमाळा आला होता. प्रेमाबाईंना गावाची चीड होती, पोराची होती, आणि मेलेल्या माणसाची असू नये असं म्हणतात, तरी नवऱ्याचीही होती.

नाव ठरलं ते काही प्रेमापोटी नाही. नाट्यगृह बांधलं कलाविकास मंडळानं, म्हणजे गावातल्याच व्यापाऱ्यांनी आणि बागाईतदारांनी. इमारत उभी राहिली, खुर्च्या आल्या, आणि नावावरून दीड वर्ष जुंपली. निम्म्यांना आण्णासाहेबांचं नाव पाहिजे होतं. आण्णासाहेब मंडळाचे जुने नायक, चौऱ्याऐंशी वर्षांचे, चांगले पन्नास एकरांचे धनी. त्यांचा नातू युवराज मंडळाचा सचिव. उरलेल्यांना आण्णासाहेबांचं नाव कुठंच नको होतं, अगदी त्यांच्या स्वतःच्या सातबाऱ्यावरसुद्धा नको होतं. शेवटी दमून ज्याचा कुणाला राग नाही असा माणूस शोधला गेला, आणि असा माणूस मेलेलाच सापडतो. वीरप्पांच्या नावाचं नाट्यगृह, वीरप्पांच्या नावाचा दरवर्षी एक पुरस्कार, आणि पहिला पुरस्कार आण्णासाहेबांना. सगळ्यांचं समाधान झालं.

मंडळाला वारसांच्या संमतीचा कागद पाहिजे होता. नंदीशनं आधीच सही केली होती. आता तो पंचावन्नचा, मोंढ्यातला वजनदार आडत्या, वरच्या ओठावर झुपकेदार मिशी. आईपुढं कागद ठेवून तो म्हणाला, "अव्वा, इथं सही कर. अप्पाचं नाव कायमचं व्हतंय."

प्रेमाबाईंनी विचारलं, फोटो कोणता लावणार. नंदीश म्हणाला, बघू. तसं बघायला काही फार नव्हतं. वीरप्पांचा नीट काढलेला असा एकच फोटो घरात होता, बार्शीच्या स्टुडिओतला: लुगडं, खणाची चोळी, नथ, कपाळाला आडवी चिरी. डोळे असे की बघणाऱ्यानं आधी नजर खाली करावी. प्रेमाबाईंनी ट्रंकेतून तो काढला आणि कागदावर ठेवला. म्हणाल्या, हा लागणार असंल तर सही करते. दुसरा लागणार असंल तर कागद घेऊन जा.

नंदीशनं फोटोकडं बघितलं नाही. वैष्णवीचं, म्हणजे त्याच्या धाकट्या मुलीचं, लातूरला जमत आलं होतं. पाव्हणे उद्घाटनाला यायचे होते, पहिल्या रांगेत बसायचे होते. तो एवढंच म्हणाला, की पेंटरकडं हाच देतो. आणि दिलाही त्यानं तोच. खोटं तो बोलला नाही. आडतीत उगीच का मुरला होता तो?

प्रेमाबाईंनी सही केली.

उद्घाटनाच्या दिवशी नाट्यगृह गच्च भरलं होतं. दारावर नावाची मोठी अक्षरं: नटवर्य लिंगैक्य वीरप्पा मिटकरी नाट्यगृह. लिंगायतांत कैलासवासी माणसाला लिंगैक्य म्हणतात. प्रेमाबाई दारात थांबल्या, एकेक अक्षर वाचलं, आणि त्यांच्या मनात नको असताना काहीतरी हललं. पन्नास वर्षं ज्या नावाला 'बाई' चिकटवून गावानं मजा केली, ते नाव आता दारावर झळकत होतं आणि त्याच्याखालून माणसं आत जात होती. आपण उगाच सगळ्यांवर दात धरून बसलो का, असं त्यांना त्या दोन मिनिटांत वाटून गेलं. श्रीदेवीनं हात धरून त्यांना स्टेजवर नेऊन बसवलं. शेजारी आण्णासाहेब, पांढराशुभ्र पोशाख, मांडीवर काठी. समोर पहिल्या रांगेत नंदीश आणि लातूरचे पाव्हणे.

भाषणं झाली. युवराजनं माईकवर सांगितलं, की आता नटवर्यांच्या तैलचित्राचं अनावरण होईल आणि त्यांच्या सुविद्य पत्नी हार घालतील. प्रेमाबाई सातवी शिकल्या होत्या. लाल कापड ओढलं गेलं. टाळ्या पडल्या.

चौकटीत एक पुरुष होता. डोक्याला भरजरी फेटा, अंगात कोट, आणि नाकाखाली दोन्हीकडं वळवलेली जाड काळी मिशी. डोळे वीरप्पांचे होते, नाकही त्यांचंच होतं. पेंटरनं स्टुडिओतल्या फोटोवरूनच काम केलं होतं, फक्त नथ काढली होती आणि मिशी दिली होती. खाली सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, ऐतिहासिक भूमिकांचे बादशहा.

प्रेमाबाईंच्या हातात झेंडूचा हार होता. त्या उठल्या नाहीत. युवराजनं पुन्हा पुकारलं. मग त्यांनी शेजारी मान वळवली. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण समोर माईक होता आणि सभागृह नवं होतं. आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला.

"आण्णासाहेब, तुमी वीस वर्सं ह्यांच्यासंगं काम केलं. स्टेजवर नवरा व्हता तुमी ह्यांचा. ह्या फोटोतला माणूस वळखता का?"

आण्णासाहेबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. त्यांना सगळं आठवत होतं. म्हातारपणी दुसरं काही आठवत नसलं तरी एवढं आठवतच असणार. राणीनं पाठ फिरवून पुढचा शब्द हळूच पुरवला नसता तर ह्या नायकाची सोनारीच्या भर जत्रेत किती वेळा फजिती झाली असती, हे मंडळातल्या जुन्या माणसांना तोंडपाठ होतं. आण्णासाहेबांनी तैलचित्राकडं बघितलं, मग टेबलावरच्या पुरस्काराकडं बघितलं.

"चांगला दिसतोय की, वहिनी," ते म्हणाले. "आता जुनं कशाला उकरायचं."

पहिल्या रांगेतून नंदीश खुणा करत होता, दातओठ खात, हात जोडत, दोन्ही एकदमच. प्रेमाबाईंनी त्याच्याकडं पुरतं बघितलं आणि हार शेजारच्या टेबलावर ठेवला.

"म्या परक्या पुरुषाला हार घालत न्हाय," त्या म्हणाल्या. "सही म्या माझ्या नवऱ्याच्या नावाला दिली व्हती. हे कोण हाईत मला ठावं न्हाय. ह्यांचं नाव काय आसंल ते तुमी हुडका, अन् ते लावा."

कुणी हसलं नाही. मागून एक म्हातारी बाई तेवढी "खरं हाय गं बाई" म्हणाली आणि तिच्या सुनेनं तिला गप्प केलं. प्रेमाबाई स्टेजच्या पायऱ्या एकट्याच उतरल्या. श्रीदेवी जागची उठली, नवऱ्याकडं बघितलं आणि पुन्हा खाली बसली. आण्णासाहेबांना पुरस्कार मात्र ठरल्याप्रमाणं देण्यात आला.

लातूरचे पाव्हणे जेवायला थांबले नाहीत. त्यांचा फोनही नंतर आला नाही. नंदीशनं आठ दिवस आईशी शब्द काढला नाही. तिच्या समोरून ताट उचलून दुसऱ्या खोलीत जेवायचा. प्रेमाबाईंनी वकिलाकडून संमती मागे घेतल्याचा कागद करून मंडळाकडं पाठवला, तेव्हा तो वकिलाच्या दारात जाऊन भांडून आला. मंडळाला तर आयतंच कोलीत मिळालं. वारसांचा वाद नको, असं म्हणून दारावरची अक्षरं उतरवली गेली आणि दिवाळीच्या आत आण्णासाहेबांचं नाव लागलं. विरोध करणारे विरोध करून दमले होते. पुरस्काराचंही नाव बदललं. तैलचित्र मंडळानं टेम्पोत घालून मिटकरींच्या घरी पाठवून दिलं, आणि नंदीशनं ते दुकानातल्या गादीमागं टांगलं. येणारे शेतकरी त्याला नमस्कार करायचे.

ज्या दिवशी नवी अक्षरं लागली, त्या दिवशी दुपारी नंदीश ती वाचून घरी आला. श्रीदेवीनं ताट वाढलं. तो आईच्या समोरच बसला आणि इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं एका दमात बोलला. की आईनं जन्मभर बापाची लाज धरली, हे तो स्वतः बघत आला. की तिनंच बापाला नाटकावरून आल्यावर मागच्या दारानं घरात घेतलं. की आता चार माणसांत नाव होत होतं, पोरीचं भलं होत होतं, तेव्हा बरी ही सती सावित्री जागी झाली. शेवटी त्याचा आवाज फाटला.

"एक मिशी व्हती, अव्वा. एक मिशी. त्याच्यापायी अप्पाचं नाव घालवलंस तू."

प्रेमाबाईंच्या मनात होतं ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्याच्या समाधीपाशीसुद्धा उच्चारलं नव्हतं.

"तुझ्या मामाचं लगीन व्हतं," त्या म्हणाल्या. "तू पोटात व्हतास. म्या त्यांना शपथ घातली. म्हणलं, माझ्या माहेरची माणसं हसत्यात, पोटातल्या लेकराची आण हाय, मिशी राखा. त्यांनी राखली. काय बोलले न्हाईत. त्याच महिन्यात सोनारीची जत्रा आली. मिशी बघून मंडळानं राणीचं काम दुसऱ्याला दिलं. जत्रेच्या दिवशी ते दुकानात गेले न्हाईत. भितीकडं तोंड करून दिवसभर निजून व्हते. म्या ताट ठेवलं, ते तसंच ऱ्हायलं. ते मला एक वाकडा शब्द बोलले असते तर बरं झालं असतं. पर न्हाय बोलले. लगीन झालं, परत आलो, त्यांनी सकाळी आरशापुढं बसून मिशी काढली, अन् मग पाणी प्याले." त्या थांबल्या. "म्या बघितलाय मिशीतला तुझा अप्पा. मेलेला माणूस व्हता तो. त्याला पुन्यांदा भितीवर चढवून म्या हार घालू?"

नंदीशनं हातातला भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला. श्रीदेवी आत गेली आणि तिथंच उभी राहिली. मग ताटाकडं बघतच नंदीशनं विचारलं.

"कसं करायचे गं ते? राणीचं काम?"

प्रेमाबाईंचं तोंड वाकडं झालं. इतका वेळ कोरडा राहिलेला त्यांचा आवाज आता ओला झाला, तरी त्यातला राग गेला नव्हता.

"त्या आण्णासाहेबाला इचार जा," त्या म्हणाल्या. "म्या एकदाबी बघाया गेले न्हाय."